कॅथलिक सेमिनरी व परिपूर्णतेचा आदर्श

रोमन कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना एकत्र निवासात ठेवून धर्मविद्या, उपासना व आचारशिस्त यांचे शिक्षण देणाऱ्या संस्थेस सेमिनरी म्हणतात. ‘सेमिनारियुम’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका असा आहे. कोवळे रोप ऊनपावसापासून जपून वाढवावे आणि ते सशक्त झाल्यावर मोकळ्या शेतात लावावे, हा त्या नावातील आशय होय. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ही संस्था चर्चच्या व्यवस्थेत आवश्यक ठरविली. तिचा इतिहास शिक्षणाच्या इतिहासाचा भाग आहेच. तथापि परिपूर्ण होण्याची जी आज्ञा येशूने आपल्या अनुयायांना केली, तिचा अर्थ काय आणि ती कोणासाठी आहे, या प्रश्नाला चर्चने वेळोवेळी दिलेली उत्तरेही त्यात वाचावयास मिळतात. संसारत्याग केलेल्या मठवासीयांसाठी घडलेला परिपूर्णतेचा साचा सेमिनरीने लोकांत राहून काम करणाऱ्या धर्मगुरूला लावला. सेमिनरीचे सामर्थ्य आणि तिच्यातील ताण ही दोन्ही यातूनच उद्‌भवली.

परिपूर्णतेची मूळ कल्पना : जुन्या करारातील ‘तामीम’ हा हिब्रू शब्द बळी देण्याच्या निर्दोष पशूसाठी वापरलेला आढळतो, तोच नोहा व अब्राहम यांच्या संदर्भात अखंड निष्ठेच्या अर्थाने येतो. नव्या करारातील ‘टेलेइओस’ हा ग्रीक शब्द ‘टेलोस’ म्हणजे साध्य किंवा अंत या शब्दावरून आला असून पक्व, प्रौढ, आपल्या साध्याप्रत पोचलेला असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे या कल्पनेत प्रारंभापासूनच दोन छटा आहेत : एक दोषरहिततेची व दुसरी परिपक्वतेची. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात परिपूर्णतेची आज्ञा शत्रूवर प्रीती करण्याच्या उपदेशाच्या शेवटी येते. ईश्वर सज्जन व दुर्जन या दोघांवरही सूर्य उगवितो, म्हणून अनुयायांचेही प्रेम असेच अभेद असावे, असा तेथील युक्तिवाद आहे. लूककृत शुभवर्तमानात याच ठिकाणी परिपूर्णतेऐवजी दयेचा उल्लेख येतो, ही गोष्ट भाष्यकारांनी महत्त्वाची मानली आहे. संत पॉलने आपण अद्याप परिपूर्ण झालो नसून त्या दिशेने धावत आहो, असे फिलिप्पैकरांस लिहिले आणि कलस्सैकरांस लिहिताना प्रेमास परिपूर्णतेचे बंधन म्हटले.

पुढील काळात परिपूर्णता या जन्मी गाठता येते काय, यावर तीव्र वाद झाले. पेलेजियस व त्याचे अनुयायी यांच्या मते मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो. सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) हे मत खोडून काढले. ईश्वरी कृपेवाचून सद्‌वर्तन अशक्य असून या जगातील माणसाची परिपूर्णता अपुरीच राहते, हे त्याचे प्रतिपादन पाश्चात्त्य चर्चने स्वीकारले. पूर्वेकडील निसाच्या ग्रेगरीने (सु. ३३५–सु. ३९५) निराळा विचार मांडला : ईश्वर अनंत असल्याने त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गालाही अंत नाही, म्हणून सतत पुढे जात राहणे हीच मनुष्याची परिपूर्णता होय.

मठजीवन व परिपूर्णतेची अवस्था : येशूने एका धनिक तरुणास, परिपूर्ण व्हावयाचे असेल तर सर्वस्व विकून गरिबांस द्यावे आणि आपल्या मागे यावे, असे सांगितल्याची कथा मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. हे वचन चर्चमध्ये ऐकून ईजिप्तमधील सेंट अँटनी (सु. २५१–३५६) संपत्तीचा त्याग करून वाळवंटात गेला. त्याच्या मार्गाने गेलेल्या तपस्व्यांतून ख्रिस्ती मठजीवन उदयास आले. वाळवंटातील या परंपरेचा परिचय पश्चिमेस करून देणाऱ्या जॉन कॅसियनने (सु. ३६०–सु. ४३५) एक महत्त्वाचा भेद सांगितला. उपवास, जागरण, पठण व अपरिग्रह ही परिपूर्णतेची अवजारे आहेत, परिपूर्णता नव्हे. अवजारांनाच साध्य मानणारा तपस्वी आपल्या व्रताचा भंग होताच रागावतो आणि ज्या प्रेमासाठी व्रत घेतले तेच गमावून बसतो. पुढे सेमिनरीच्या इतिहासात हा इशारा पुन्हा पुन्हा आठवावा लागला.

मध्ययुगात दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांना ‘शुभवर्तमानातील उपदेश’ असे नाव मिळाले आणि ती आजन्म स्वीकारणाऱ्या मठवासीयांची स्थिती ही ‘परिपूर्णतेची अवस्था’ मानण्यात आली. सेंट टॉमस अक्वाय्नसने (सु. १२२५–७४) सुम्मा थिऑलॉजिए या ग्रंथात या विषयाची काटेकोर मांडणी केली. परिपूर्णतेचे सार ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेमात असून त्या प्रेमाची आज्ञा सर्व ख्रिस्ती माणसांस आहे. व्रते ही त्या प्रेमाच्या आड येणारे अडथळे दूर करणारी साधने होत. म्हणून परिपूर्णतेच्या अवस्थेत असलेला माणूस परिपूर्ण असेलच असे नाही आणि त्या अवस्थेबाहेरील माणूस परिपूर्ण असू शकतो. या वर्गीकरणात बिशप व व्रतस्थ हे परिपूर्णतेच्या अवस्थेत येतात. गावोगावचा धर्मगुरू मात्र येत नाही, कारण तो अशा आजन्म व्रताने बांधलेला नसतो. तरीही वेदीवरील सेवेसाठी त्याला व्रतस्थाच्या अवस्थेस लागते त्याहून अधिक आंतरिक पावित्र्य हवे, असे अक्वाय्नस म्हणतो. ज्याच्याकडून अधिक पावित्र्य अपेक्षित, त्यालाच मठाचा आधार नाही, असा हा पेच होता. तो सोडविण्याचा चर्चने केलेला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे सेमिनरी होय.

ट्रेंटची परिषद : सेमिनरीपूर्व काळात धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांपैकी थोडेच विद्यापीठात जात. काहींना कॅथीड्रलच्या शाळेत शिक्षण मिळे. बहुसंख्य मुले गावच्या धर्मगुरूच्या हाताखाली वाचन, गायन व विधी शिकत. अनेकांस लॅटिन धड समजत नसे. धर्मसुधारणेच्या आंदोलनात या अज्ञानावर कठोर टीका झाली. शिवाय मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये मठवासीयांच्या व्रतांवर ग्रंथ लिहून, सामान्य माणूस व परिपूर्णतेचा साधक अशी ख्रिस्ती लोकांची दोन प्रतींत विभागणी करणे मुळातच चूक आहे, असा आक्षेप घेतला.

ट्रेंट परिषदेच्या (१५४५–६३) तेविसाव्या सत्रात, १५ जुलै १५६३ रोजी, सेमिनरीविषयक आदेश संमत झाला. तत्पूर्वी इग्नेशियस लॉयोलाने रोममध्ये १५५२ साली जर्मन विद्यार्थ्यांसाठी काढलेले महाविद्यालय आणि इंग्लंडमध्ये कार्डिनल रेजिनल्ड पोलने १५५६ मध्ये मांडलेली योजना हे नमुने परिषदेसमोर होते. आदेशानुसार प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या ऐपतीप्रमाणे विद्यालय चालवावयाचे होते. किमान बारा वर्षांची, औरस, लिहिता-वाचता येणारी मुले घ्यावीत; गरिबांच्या मुलांस प्राधान्य द्यावे, श्रीमंतांच्या मुलांस वगळू नये, मात्र त्यांनी आपला खर्च स्वतः सोसावा, असे त्यात म्हटले होते. व्याकरण, गायन, धार्मिक कालगणना, बायबल, संतांची प्रवचने व संस्कारविधी हे विषय नेमून दिले होते. मुलांनी रोज मिस्सेस उपस्थित राहावे व दरमहा पापनिवेदन करावे, असा दंडक होता. कोवळे वय लवकर भोगाकडे वळते, म्हणून सवयी जडण्यापूर्वीच वळण लावावे, ही आदेशामागील भूमिका होती.

मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ (१५३८–८४) याने हा आदेश तत्परतेने अमलात आणला आणि त्याची नियमावली इतरत्र अनुकरणीय ठरली. तथापि पैशाच्या अभावी अनेक धर्मप्रांतांत सेमिनरी निघण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

फ्रान्समधील घडण : सेमिनरीला तिचे आध्यात्मिक रूप सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये लाभले. पीएर द बेर्यूल (१५७५–१६२९) याने धर्मगुरुपद हेच पावित्र्याचे मूळ उगमस्थान आहे, असा विचार मांडला. व्हिन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) याने दीक्षेपूर्वीच्या एकांतसाधनेची प्रथा पाडली. झां-झाक ऑल्ये (१६०८–५७) याने १६४१ मध्ये पॅरिसजवळ व पुढील वर्षी पॅरिसमधील सँ-स्यूल्पीस येथे सेमिनरी स्थापन केली. तेथील अध्यापक विद्यार्थ्यांबरोबरच प्रार्थना करीत, त्यांच्याच पंक्तीस जेवत व तोच नियम पाळीत. गुरूच्या सहवासाने संस्कार घडावा, ही त्यामागील दृष्टी होती. या संस्थेचा एक प्रमुख लूई त्रोंसों (१६२२–१७००) याने आत्मपरीक्षणासाठी रचलेले पुस्तक पुढे दोन शतकांहून अधिक काळ सेमिनरींत वाचले जात होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात या संघाच्या धर्मगुरूंनी १७९१ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकेतील पहिली सेमिनरी काढली.

दिनक्रम व नियम : ट्रेंटपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेमिनरीतील जीवन देशोदेशी जवळजवळ सारखेच होते. लहान मुलांसाठी कनिष्ठ व तत्त्वज्ञान-धर्मविद्येसाठी वरिष्ठ अशा दोन प्रकारच्या सेमिनरी असत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने वरिष्ठ सेमिनरीत किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान व चार वर्षे धर्मविद्या असा क्रम ठरवून दिला. पहाटे पाच-साडेपाचला घंटा होई. त्यानंतर प्रार्थना, अर्धा तास मूक ध्यान व मिस्सा, मग न्याहारी. व्याख्याने व पाठ्यपुस्तके लॅटिनमध्ये असत. दुपारच्या जेवणापूर्वी प्रत्येकाने आपल्या एखाद्या विशिष्ट दोषाचे परीक्षण करावयाचे असे. जेवताना एक विद्यार्थी उच्चासनावरून संतचरित्र वाची व इतर मौनाने ऐकत. सायंकाळी जपमाळ व आध्यात्मिक वाचन होई. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सुरू होणारे ‘महामौन’ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोडता येत नसे. घंटा ही ईश्वराचीच हाक समजून तिच्या पहिल्या ठोक्यास लिहीत असलेले अक्षरही अर्धे टाकून उठावे, अशी शिकवण होती. येणारी-जाणारी पत्रे वरिष्ठ वाचत. दोघा विद्यार्थ्यांची विशेष मैत्री संशयास्पद मानली जाई. फिरावयास जाताना दोघांऐवजी तिघांनी जावे, असा संकेत होता.

या व्यवस्थेतील एक तत्त्व विशेष उल्लेखनीय आहे. रेक्टर हा विद्यार्थ्याच्या बाह्य वर्तनाचा अधिकारी, तर आध्यात्मिक मार्गदर्शक हा त्याच्या अंतःकरणाचा विश्वस्त. विद्यार्थ्यास दीक्षा द्यावी की नाही, हे ठरविताना मार्गदर्शकाचे व पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत विचारता येत नाही. विद्यार्थ्याने आपले दोष निर्भयपणे सांगावेत, म्हणून ही भिंत उभारण्यात आली आणि १९८३ च्या संहितेनेही ती कायम ठेवली.

नियमपालन व परिपूर्णता : नियम पाळणारा नियमानेच राखला जातो, असे सेमिनरीत म्हटले जाई. आलोन्सो रोद्रीगेस या स्पॅनिश जेझुइटाचा १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेला परिपूर्णतेच्या अभ्यासाविषयीचा ग्रंथ व्रतस्थांच्या मठांत व सेमिनरींत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. लहानसहान गोष्टींतील निष्ठा मोठ्या कसोटीच्या वेळी उपयोगी पडते, ही त्याची शिकवण अनुभवसिद्ध होती. दूरच्या खेड्यांत एकाकी राहून साथीच्या रोगांत मरणोन्मुखांची सेवा करणारे असंख्य धर्मगुरू याच शिस्तीतून तयार झाले.

परंतु त्याच शिस्तीत कॅसियनने दाखविलेला धोकाही होता. वर्तन मोजता येते, प्रेम मोजता येत नाही. त्यामुळे निर्दोष वर्तन करणारा विद्यार्थी परिपूर्णतेच्या जवळ आहे, असे मानण्याकडे संस्थेचा कल होई. संवेदनशील विद्यार्थी प्रत्येक विचारात पाप पाहू लागत. ‘स्क्रूप्युल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मनोवस्थेची इग्नेशियस लॉयोलाने स्वतः यातना भोगली होती. स्पिरिच्युअल एक्झर्साइझेस या आपल्या ग्रंथात त्याने त्यासाठी वेगळे नियमही दिले. याउलट, चलाख विद्यार्थी नियमाचे कवच पांघरून अंतर्यामी अपक्वच राहू शके.

सेमिनरीची कसोटी आणि परिपूर्णता यांतील अंतर झां-मारी व्हियाने (१७८६–१८५९) याच्या चरित्रात स्पष्ट दिसते. लॅटिन न येणाऱ्या या शेतकऱ्याच्या मुलास लीआँच्या सेमिनरीतून काही महिन्यांतच परत पाठविण्यात आले. एका वृद्ध धर्मगुरूने त्याला खासगी रीत्या शिकविले आणि १८१५ मध्ये त्याला कशीबशी दीक्षा मिळाली. आर्स या लहानशा खेड्यात चाळीस वर्षे काढलेल्या या माणसाकडे पापनिवेदनासाठी फ्रान्सभरातून लोक येत. १९२५ मध्ये त्याला संतपद देण्यात आले व १९२९ मध्ये तो सर्व ग्रामधर्मगुरूंचा आश्रयदाता संत ठरला. दुसऱ्या बाजूस एर्नेस्त रनां (१८२३–९२) हा सँ-स्यूल्पीसचा अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी. बायबलच्या चिकित्सक अभ्यासातून आलेल्या शंकांमुळे त्याने १८४५ मध्ये सेमिनरी सोडली. सत्यनिष्ठेचा धडा आपण तेथेच शिकलो, ही कृतज्ञता मात्र त्याने आपल्या आठवणींत नोंदविली आहे. सेमिनरीने एकास जवळजवळ नाकारले व दुसऱ्यास गमावले. दोन्ही प्रसंगी तिची मोजपट्टी अपुरी पडली.

सेमिनरीच्या भिंतींबाहेर वेगळा विचारप्रवाह वाहत होता. फ्रान्सिस द सालेस (१५६७–१६२२) याने भक्तिजीवन सैनिक, कारागीर व गृहिणी यांनाही आपापल्या स्थितीत साध्य आहे, असे प्रतिपादिले. प्रॉटेस्टंट पंथीयांत जॉन वेस्लीने (१७०३–९१) परिपूर्णता म्हणजे प्रेमाची पूर्णता असा अर्थ सांगून ती सर्व श्रद्धावंतांसाठी खुली केली. लिझ्यची तेरेसा (१८७३–९७) हिने आपली दुर्बलता ईश्वराच्या हाती सोपविणे हाच परिपूर्णतेचा ‘लहान मार्ग’ मानला.

भारतातील सेमिनरी : गोव्यात १५४१ मध्ये, म्हणजे ट्रेंटच्या आदेशापूर्वी बावीस वर्षे, सांता फे (पवित्र श्रद्धा) या नावाने धर्मशिक्षणाची संस्था निघाली. ती पुढे जेझुइटांकडे आली आणि सेंट पॉल महाविद्यालय म्हणून प्रसिद्धी पावली. साष्टीतील रायतूर (राशोल) येथील जेझुइट महाविद्यालयाची विद्यमान वास्तू सतराव्या शतकाच्या प्रारंभी उभी राहिली. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे सु. अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथेच छापले गेले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांची हकालपट्टी केल्यावर हे महाविद्यालय धर्मप्रांताची सेमिनरी झाले व आजतागायत ते चालू आहे.

परिपूर्णता कोणासाठी, हा प्रश्न गोव्यात वंशभेदाच्या रूपाने उभा राहिला. स्थानिक तरुणांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळे. परंतु परिपूर्णतेच्या अवस्थेचे दार समजल्या जाणाऱ्या यूरोपीय संघांत त्यांना सहसा प्रवेश नसे. दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो (सु. १५९४–१६७७) याला गोव्यात दीक्षा नाकारली गेली. त्याने रोम गाठले, तेथे दीक्षा घेतली व १६३७ मध्ये तो बिशप झाला. सेंट जोझे वाझ (१६५१–१७११) याच्या पुढाकाराने १६८५ च्या सुमारास गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंचा स्वतंत्र संघ संघटित झाला. डच सत्तेच्या छळाला तोंड देत त्याने श्रीलंकेत केलेल्या कार्याबद्दल त्याला २०१५ मध्ये संतपद देण्यात आले. १७८७ च्या पिंटोंच्या बंडात गोमंतकीय धर्मगुरू सामील झाले, त्यामागेही वरिष्ठ पदे नाकारली गेल्याची व्यथा होती.

पोप तेरावा लिओ याने भारताचे धर्मगुरू भारतीयच असावेत या धोरणाने १८९३ मध्ये कँडी येथे पोपच्या नावाची सेमिनरी स्थापन केली. ती १९५५ मध्ये पुण्यास रामवाडी येथे आली. तिच्या शेजारील ज्ञानदीप विद्यापीठात ख्रिस्ती धर्मविद्येबरोबर भारतीय तत्त्वज्ञानाचाही अभ्यास होतो. मुंबई धर्मप्रांताची सेंट पायस महाविद्यालय ही सेमिनरी गोरेगाव येथे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेत लोकभाषा आल्याने वसईसारख्या मराठी भाषक भागांत धर्मगुरूला मराठीवरील प्रभुत्व अनिवार्य झाले.

दुसरी व्हॅटिकन परिषद व नंतर : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) चर्चविषयक संविधानाच्या पाचव्या प्रकरणात (१९६४) पावित्र्याचे व प्रेमाच्या परिपूर्णतेचे आवाहन सर्व ख्रिस्ती माणसांना, ती कोणत्याही स्थितीत असली तरी, सारखेच आहे, असे घोषित केले. अक्वाय्नसच्या विवेचनात असलेले हे तत्त्व आता चर्चच्या शिकवणुकीच्या मध्यभागी आले. १९६५ मधील धर्मगुरूंविषयीच्या आदेशाने ग्रामधर्मगुरूचा जुना पेचही सोडविला : त्याने मठवासीयाचे अनुकरण करून पावित्र्य मिळवावयाचे नसून आपले सेवाकार्य निष्ठेने करीत असतानाच ते त्याला लाभते. त्याच वर्षीच्या धर्मगुरुशिक्षणविषयक आदेशाने बायबलचा अभ्यास व लोकसेवेची पूर्वतयारी यांवर भर दिला. लॅटिनची सक्ती, पत्रांची तपासणी व महामौन या गोष्टी हळूहळू मागे पडल्या. १९७२ मध्ये पोप सहावा पॉल याने जुन्या कनिष्ठ दीक्षा रद्द केल्या.

या परिवर्तनाच्या काळात पाश्चात्त्य देशांत सेमिनरी झपाट्याने ओस पडल्या. जगभरातील वरिष्ठ सेमिनरींतील विद्यार्थी २०११ मध्ये सु. १,२०,००० होते, ते २०२२ अखेर सु. १,०८,००० झाले, आफ्रिकेत मात्र त्यांची संख्या वाढत आहे. धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांच्या उघडकीने सेमिनरीच्या शिक्षणाचीच झडती घेतली गेली. अमेरिकेतील बिशपांच्या सांगण्यावरून झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९५०–२००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाल्याचे आढळले. जुन्या पठडीत ब्रह्मचर्याचा नियम होता. पण ते पाळण्यासाठी लागणारी भावनिक परिपक्वता घडविण्याचे शिक्षण जवळजवळ नव्हते, ही उणीव त्यानंतरच्या अभ्यासांत पुढे आली. गुन्ह्यांवर पांघरूण घालणाऱ्या वरिष्ठांनी संस्थेच्या निष्कलंक दिसण्यास पीडित बालकांपेक्षा अधिक मोल दिले, हा दोष त्याहून गंभीर होता.

पोप दुसरा जॉन पॉल याने १९९२ च्या आपल्या पत्रकात मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व सेवाविषयक अशी शिक्षणाची चार अंगे सांगून मानवी अंगास सर्वांचा पाया म्हटले. २०१६ च्या व्हॅटिकनच्या नियमावलीने वर्षे मोजण्याऐवजी विद्यार्थ्याच्या वाढीचे टप्पे कल्पिले असून प्रारंभीचा पूर्वतयारीचा काळ आवश्यक ठरविला. पोप फ्रान्सिसने २०१८ च्या पत्रकात शेजारच्या घरातील साध्या माणसाच्या पावित्र्याकडे लक्ष वेधले, तसेच केवळ स्वबळावर व नियमांवर विसंबणे हे पेलेजियसच्या मताचेच नवे रूप असल्याचे बजावले.

सेमिनरीच्या साडेचार शतकांहून अधिक काळच्या वाटचालीत ‘तामीम’ व ‘टेलेइओस’ या दोन शब्दांतील ओढाताण सतत जाणवते. दोषरहिततेचा ध्यास धरणाऱ्या काळात तिने शिस्त, विद्वत्ता व त्याग यांची मोठी परंपरा निर्माण केली. परंतु दोष झाकण्याची सवयही त्याच काळात लागली. परिपक्वतेला साध्य मानणारी आजची पद्धत विद्यार्थ्याला आपले अपुरेपण ओळखावयास व ते विश्वासाने सांगावयास शिकवू पाहते. तिची फळे दीक्षेनंतरच्या अनेक वर्षांच्या सेवेतच दिसू शकतात. रोपाची खरी परीक्षा वाटिकेत होत नाही, ती शेतातच होते.